तांदळाएवढा उंचवटा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
अकरा वर्षं मी होल्डर जोडते.
पितळेच्या दोन पिना, दोन स्प्रिंगा, चार स्क्रू,
वर बेकेलाइटचं काळं टोपण.
दिवसाला सहाशे नग.
झोपेतसुद्धा माझी चिमूट फिरते
आणि घरचे हसतात.

गेल्या साली मच्छेच्या गोठ्यात
माझी जाऊ यल्लूबाई फुकलेला बल्ब काढत होती.
भिंतीवरचं बटण बंद होतं, तिनं दोनदा बघितलं होतं.
नवा लावायच्या आत बोटं आत गेली.
म्हैस उभी राहिली, यल्लूबाई खाली बसली.
जगली.
पण भाकरी थापताना तिची दोन बोटं
अजून बाजूला असतात, पाहुण्यासारखी.

वायरमन म्हणाला, फेज न्यूट्रलची अदलाबदल झालीय,
जुनं काम, कुणाला विचारणार.
मी होल्डर उतरवून उलटा केला.
तळाला आमचाच छाप.
माझ्या टेबलावरचा की कुसाव्वाच्या,
कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून डबा खाऊन झाला की
मी साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढत बसते.
बटण होल्डरच्या मानेतच हवं.
अर्धा फेरा दिला की दोन्ही तारा तुटाव्यात;
जिवंत कुठली नि मेलेली कुठली
हे आमच्याकडच्या भिंतींना विचारण्यात अर्थ नाही.
आणि बटण बंद झाल्याखेरीज
बल्बची खाच सुटताच कामा नये.
आधी अंधार, मग हात.
एवढंच डोक्यात आहे. बाकी सगळं त्याच्याभोवती
बसवायचं, आणि ते बसत नाही.

पहिला नमुना चिक्कीसारखा तडकला.
दुसऱ्यातली स्प्रिंग उडाली, ती आजतागायत सापडली नाही.
तिसरा तापला, मासे जळाल्यासारखा वास सुटला,
प्रेसवरून इक्बालभाई ओरडले,
"काय करूलालीस गं? गल्ली पेटवतीस काय?"

मग एका सुट्टीला खानापूरची बस धरली.
रुद्रव्वाच्या भट्टीत कौलं असतात, लोणच्याच्या बरण्या असतात.
मला कन्नड मोजण्यापुरतं येतं,
तिला मराठी भाव करण्यापुरतं.
तिनं माझी पुठ्ठ्याची चकती घेतली,
मधल्या भोकातून माझ्याकडे बघितलं,
आणि आठ बोटं दाखवून त्यातलं एक मिटलं.
भट्टी एवढी माती खाते.
तेवढं मोठं काढून आण.
अकरा वर्षांत इतकं नीट गणित
मला कुणी सांगितलं नव्हतं.

चिनीमातीचा नमुना मालकांनी हातात घेतला, फिरवला,
टक् आवाज त्यांना आवडला.
म्हणाले, चालू-बंद कुठल्या लिपीत घालायचं?
जेवत बसलेल्या चौघांचे घास थांबले.
पाटीवरच्या अक्षरापायी
बाजाराच्या दारांना कुलपं लागलेली
आम्ही सगळ्यांनीच बघितलीत.
मी म्हटलं, काहीच नको लिहायला.
बंदच्या बाजूला एक उंचवटा द्या, तांदळाएवढा.
बल्ब गेल्यावर अक्षर दिसणार कुणाला?
अंगठ्याला कळेल.

घास पुन्हा चालू झाले.
मालक म्हणाले, नगाला अकरा रुपये जास्त पडतात.
यंदा नको, दसऱ्यानंतर बघू.
कुठला दसरा, ते मी विचारलं नाही.

एकच नग लागलाय, मच्छेच्या गोठ्यात.
काल यल्लूबाईनं माझ्यासमोर बल्ब बदलला.
आधी अंधार केला. तांदूळ चाचपला.
मग पदर सुका आहे ना बघितलं,
बोटांना दोन वेढे दिले
आणि तसाच, पदरासकट, हात वर नेला.
मी काही बोलले नाही.
अंधारात म्हैस रवंथ करत होती.

आज पुठ्ठ्यावर मान नव्याने काढतेय.
जरा रुंद.
पदर गुंडाळलेली बोटं मावली पाहिजेत.