अल-फनार

छप्पर नव्हतंच मुळी.
तीन भिंती, वर आभाळ, आणि समोर
चुन्याचे सात हात देऊन पांढरी केलेली चौथी.
तोच पडदा.
खमीस बिन राशिदनं दोन गलबतं विकून
सूरच्या खाडीकाठी हे थेटर बांधलं
तेव्हा गावात वीज आली नव्हती, असं याकूब सांगायचा.
आधी जनरेटर आला, मग खुर्च्या,
मग फणसोपहून याकूब,
आणि सहा वर्षांनी
याकूबची बायको म्हणून मी.

तिकीट तीनशे बैसा.
इशाची नमाज झाली की शाहदाद बलुची
दारात कंदील हलवायचा,
मग गलबतांचे सुतार यायचे, दंडांवर सागाचा भुसा,
खलाशी, मल्याळी नर्सा, एक सुदानी मास्तर,
शेळ्याही यायच्या. त्यांना कोण विचारतो.
आम्हा बायकांना डाव्या अंगाला
खजुरीच्या झावळ्यांचा कूड.
फटीतून दिसेल तेवढाच पिक्चर आमचा:
नायकाचा एक डोळा, घोड्याचे मागचे पाय,
नायिकेचं अर्धं रडणं.
उरलेलं अर्धं मी घरी याकूबला विचारायची.
तो म्हणायचा, मी पिक्चर कुठं बघतो,
मी कार्बन बघतो.

दोन कांड्या, मध्ये करंगळीच्या पेराएवढा जाळ.
तो सांभाळायचा, हीच नोकरी.
दिवसभर वर्कशॉपात राबलेला माणूस,
रात्री डुलकी लागली की कांड्यांतलं अंतर वाढे
आणि पडद्यावरची दुपार पिवळी पडे, मग तांबडी,
मग चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरते तशी.
शिट्ट्या. कुणीतरी अरबीत ओरडे, झोपलास का रे?
मी झावळ्यांआड ओढणी तोंडावर घेई,
जणू माझंच काही उघडं पडलं.
लग्नानंतरची पाच वर्षं
नवऱ्याची झोप मी भिंतीवर पाहिली.

रिळांच्या पेट्या मस्कतहून ट्रकनं यायच्या
कोरड्या ओढ्यांमधून.
एका खेपेला ओढ्याला लोंढा आला
आणि बारावं रीळ पलीकडेच राहिलं.
दीडशे माणसं बसलेली. खून झालेला. खुनी बाराव्यात.
याकूब केबिनमधून खाली उतरला,
भिंतीपुढं उभा राहिला, शाहदादनं कंदील धरला,
आणि हा, जो घरी 'मीठ दे' एवढंच बोलायचा,
मोडक्या अरबीत, उर्दूत, मध्येच आमच्या बोलीत
अर्धा तास शेवट सांगत राहिला.
खून कुणी केलाच नव्हता म्हणे.
तो माणूस रात्रीच्या गलबतात चढला होता,
आईकडे गेला होता.
म्हातारे सुतार डोळे पुसत उठले.

पुढच्या आठवड्यात खरं रीळ आलं.
लोकांनी पैसे परत मागितले.

त्या रात्री घरी येताना मी विचारलं होतं,
आईनं ओळखलं का त्याला?
तो म्हणाला, ते तेराव्या रिळात.

मग छप्पर आलं, ए.सी. आला, गादीच्या खुर्च्या आल्या,
आणि पाठोपाठ घराघरात व्हिडिओ.
खमीसच्या मुलानं टायर भरले आत.
याकूबला त्यानंच टायर मोजायला ठेवलं,
वीस वर्षं मोजले.
आता तो इथंच आहे, समुद्राकडच्या कब्रस्तानात.
फणसोपला दोनदा गेला होता, दोन्ही वेळा मयतीला.

परवा गोदाम पाडलं.
मुलगा गॅसच्या कारखान्यातून सुटून आला,
त्याच्या गाडीतून गेले मी.
शेवटी ती भिंत आडवी झाली. धूळ बसली.
एक खपली उचलली, तळहाताएवढी,
कडेनं चुन्याचे थर दिसत होते, वहीच्या पानांसारखे.
नखानं मोजले. सात नव्हे, एकोणीस.
वरचे बारा कधी दिले, कुणी दिले,
विचारायला कोणी उरलं नाही.

खपली फ्रीजवर ठेवली आहे.
पुसायला उचलली की
हाताला अजून पांढरं लागतं.