लष्करातला मेपल

ऋतानं तिकडून बी पाठवलं होतं.
तीन वर्षांत गुडघ्याएवढा.

मे महिन्यात पानांच्या कडा करपतात,
विडीचा चटका बसावा तशा.
मी वर जुना पंचा बांधतो.
गच्चीपलीकडून कुशवाह विचारतात,
"जनेऊ है क्या इसका?"

मार्चात शेंड्याला मावा.
मुंग्या गोडाच्या पगारावर, रांगेनं.
कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी,
चष्मा लावून एकेक पान
मागून पुसलं,
प्रमिलेची नखं कापायचो
तेवढ्याच हळू.

एक फांदी आतून काळी निघाली.
कात्री स्पिरिटनं पुसली, कापली,
पुन्हा पुसली.
फांदी कुंड्यांपासून लांब नेऊन जाळली.

जानेवारीत धुकं उतरलं, पारा तीनवर,
आणि सात पानं लाल.
दोनदा मोजली.

ऋताला कळवलं: सहा.