चार पदर कागद

फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
आतली चूल रात्रंदिवस धगधगते
आणि घरातली सगळी ओल पिऊन टाकते.
हिल्काच्या बोटांना भेगा पडल्यात,
फडताळाचं दार आपोआप उघडतं,
आणि भिंतीवरची गिटार
पहिल्या तीन पडद्यांवर खरखरते.

"मागे गेलीय मान," हिल्का म्हणते.
(माझी आई. पण गिरणीत सगळे नावानं हाक मारायचे,
मीही तेच उचललं.)

गिटार तिनंच केलेली.
अंग आल्डरचं, जुन्या साउनाच्या दाराचं.
पाठीवर अजून खिळ्याचं भोक आहे,
आजोबांचा टॉवेल तिथे लटकायचा.
मान मेपलची. लाकडात तेवढीच विकतची,
म्हणून तिच्यावर हिल्काचा जरा राग.
मानेच्या पोटात सळई,
सळईच्या टोकाला एक नट,
आणि नटाची किल्ली हरवू नये म्हणून लाल लोकर बांधलेली.

आधी सूर.
सैल तारांखाली मान खोटं बोलते.
मग पहिला पडदा ती दाबते, शेवटचा मी.
मध्ये तार फूटपट्टीसारखी सरळ.
सातव्या पडद्याशी वाकून बघायचं,
तारेखाली उजेड किती.

उजेड नव्हता.

दुकानात यासाठी पोलादी पात्यांचा जुडगा मिळतो.
हिल्काकडे बिस्किटांचा डबा आहे.
त्यात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या,
गिरणीच्या शेवटच्या रिळातल्या.
एकतीस वर्षं ती चिमटीत कागद धरून
यंत्र थांबवायला सांगायची.
मोजणारं उपकरण कधी कधी चुकायचं.
"एक पदर सात," ती म्हणते.
सात काय, ते कधी सांगितलं नाही.
शतांश मिलिमीटर, हे मला शाळेत कळलं.
चार पदर सरकायला हवेत, पाचवा अडकायला हवा.
आज एकसुद्धा शिरत नाही.

किल्ली. पाव फेरा, उलटा.
लाकडात कुठेतरी टक् झालं
आणि माझा श्वास अडकला.
"ताठच असावी असं कोणी शिकवलं तुला?
ताठ मानेवर तार थरथरणार कुठे?"
एवढं बोलून, जणू फारच बोलली,
ती कॉफी ठेवायला उठली.

पुढे काही करायचं नाही. रात्र जाऊ द्यायची.
माडीवरच्या गार खोलीत मला आठवलं:
गिरणी बंद झाली त्या दिवशी
साहेबानं सगळ्यांशी हात मिळवले,
ही घरी आली, जेवली,
आणि पेचकस घेऊन साउनाचं दार उतरवायला गेली.
आम्हाला वाटलं, बिजागरी बिघडली असेल.

सकाळी तीन पदर गेले.
आणखी एक केसभर फेरा.
चौथा गेला. पाचवा दुमडला.

आता तारांची उंची.
बाराव्या पडद्याशी पट्टी उभी धरली,
घोडीवरची सहा खोगीरं
एकेक करून खाली, डासाएवढ्या किल्लीनं.
जाड तार पावणेदोन, बारीक दीड.
मोह झाला, आणखी थोडी खाली घेतली,
तर चौदाव्या पडद्यावर बारीक तारेचा घसाच बसला.
"हावरट," ती म्हणाली. मला की तारेला, कोण जाणे.
अर्धा फेरा वर.

यंत्रांनी तिचा डावा कान नेलाय, उजवाही जायच्या बेतात.
म्हणून ती हनुवटी लाकडावर टेकवते,
डोळे मिटते,
एकेक पडदा, एकेक तार.
खरखर तिला दातात कळते.
एकशे बत्तीस जागा. कॉफी निवून साय धरली.
शेवटी एकच कॉर्ड, सहाही तारांचा.
साखळी अडकवलेल्या दाराला कोणी हळूच ढकललं
तसा तिचा चेहरा जरासा उघडला.

गिटार परत भिंतीवर, चुलीपासून दोन हात लांब.
"जूनमध्ये तळ्यावरची हवा येईल,
मान पुढे येईल. तेव्हा पाव फेरा, सुलटा."

रविवारच्या बसपर्यंत मला सोडायला आली.
जूनमध्ये ये, असं म्हणाली नाही.
लाल लोकरीची किल्ली कुठे टांगते ते मात्र
निघताना दोनदा दाखवलं.