म्हणून नारळ पडत नाही

सहामाहीचे पेपर. पंख्याने उडू नयेत म्हणून
गठ्ठ्यावर चिऱ्याचा तुकडा.
बेचाळिसावा समिधा केळुसकरचा:
दहा मीटर उंच माडावरून नारळ सुटतो,
जमिनीला टेकतानाचा वेग काढा.

तिनं शून्य धरलं माडाच्या शेंड्याला.
धरू दे. कुठेही धरा, मीच सांगितलं होतं,
बावीच्या काठाला, बावीच्या तळाला,
सातेरीच्या कळसाला धरलंत तरी हरकत नाही,
फक्त गणित संपेस्तोवर तिथून हलवू नका.

वर स्थितिज शून्य, गतिज शून्य,
खाली दोन्हींची बेरीज तेवढीच भरायला हवी.
इथवर बरोबर.
मग जमीन दहा मीटर खाली,
आणि त्या दहाच्या आधीची आडवी रेघ,
चण्याच्या सालीएवढी,
राहून गेली.
वेगाचा वर्ग आला उणे एकशे शहाण्णव.
खाडाखोड नाही. त्याखाली स्वच्छ अक्षरात:
उण्याचे वर्गमूळ निघत नाही,
म्हणून नारळ पडत नाही.

लाल पेन उघडंच राहिलं.
मागच्या आडीत कुणीतरी पाडप काढत होतं.
धप्प.
मग बराच वेळ काही नाही. मग धप्प.
हवेनं थोडं धरलं नसेल तर
सेकंदाला चौदा मीटर.

तिचा बाप लवू. माडांवर चढतो.
त्याला एकदा विचारलं होतं, तुझं शून्य कुठे रे?
"वरच. झावळांत बसलय काय घर खाली दिसता."
म्हणजे त्याच्या हिशोबात घर रोजच उण्यात,
आणि रोज संध्याकाळी कोयता कमरेला लावून
तो उतरतो तो तिथेच.

तीनपैकी दोन दिले. एक चिन्हाचा कापला.

अमावास्येच्या सुकतीला बंदरावर गेलो.
जेटीच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी,
पाणी शून्याच्या रेघेखाली वीतभर उतरलेलं,
कालवांचे पांढरे ओरखडे उघडे पडलेले.
पाणी, उणे वीस सेंटिमीटर.
त्यात गुडघाभर उभ्या चार-पाच बायका
आणि ही, सलवार वर खोचून,
पायाच्या बोटांनी वाळू चाचपत.

"समिधा, चिन्ह विसरलीस."

तिनं दंडानं तोंडावरचं खारं पाणी पुसलं.
"सर, उण्यात पण खुबे गावतत,"
म्हणाली, आणि मला दिसावी म्हणून
टोपली जरा कलती केली.