आकसण्यासाठी सोडलेली जागा

उद्यमबागेत सव्वीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न करतोय.
पंपाची बॉडी, व्हॉल्व्हचं झाकण, काय सांगाल ते.
जिन्नस हवा त्याहून जरा मोठा कोरायचा,
कारण बीड थंड होताना आकसतं,
मीटरला दहा मिलिमीटर.

तर कॉलेज रोडच्या दवाखान्यात
हंचिनमनी मॅडमनी माझ्या पोरीचे दात
पांढऱ्या प्लास्टरमध्ये ओतून टेबलावर ठेवले
तेव्हा सवयीनं मी त्यावर बोट फिरवलं.
वरची कमान अरुंद. पुढं टोकाला निमुळती.
म्हटलं, "दात नाही चुकलेत, मॅडम. साचा चुकलाय."
त्या थांबल्या. "कुठं काम करता तुम्ही?"

मग एक्स-रे उजेडावर लावला.
माझी मयुरा, सहावीतली, बाजूनं,
कातडीच्या आतली.
वर पारदर्शक कागद, पेन्सिलीच्या रेघा:
कानापासून डोळ्याच्या खोबणीखाली एक,
जबड्याच्या तळाला धरून एक.
दोन्ही मागं वाढवल्या तर डोक्यापल्याड लांब कुठंतरी मिळाव्यात.
हिच्या जवळच मिळाल्या.
"चेहरा खाली वाढायलाय, पुढं नाही.
तोंड उघडं टाकून झोपते का ही?"

झोपते की. दुसरीपासनं.
आम्ही म्हणायचो, दमली असेल.

"तोंड उघडं, म्हणजे जीभ खाली पडलेली.
टाळूला आतनं आधार नाही, आणि बाहेरनं गाल दाबतायत.
दोघांची ओढाताण जिथं मिटते
तिथं दात उभा राहतो. स्वल्प जाग बेकु, अष्टे."

एवढंच होतं.
आणि मी तिला चार वर्षं ओरडत होतो, नीट घास म्हणून.
शनिवारच्या बाजारात रताळीवाले बसतात तसे
ते बिचारे एकमेकाला खांदा लावून,
एखादा दुसऱ्याच्या पाठीमागं.

"वडिलांनी पण जरा भिंतीकडं बघा."
बघितलं. भिंतीवर कन्नड कॅलेंडर, त्यावर बनशंकरी.
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं
त्यांनी माझी दाढी हलकेच दाबली.
काही बोलल्या नाहीत.
पोरगी बोलली:
"पप्पा, तुम्हाला पण हनुवटी नाही!"

लग्नाच्या फोटोतसुद्धा ही दाढी आहे.
बायकोला वाटतं, यल्लम्माला बोललोय.
आणि येळ्ळूरची माझी बहीण कस्तुरा,
हसायचं झालं की पदर तोंडात कोंबते.
तिला कुणी कधी उजेडावर धरलं नाही.

आता टाळूला एक स्क्रू बसवलाय.
किल्ली माझ्याकडं.
रोज जेवण झालं की एक पाव फेरा,
पाव मिलिमीटर.
मयुरा खुर्चीत मान मागं टाकते,
आई टॉर्च धरते आणि डोळे मिटते.
माझा हात थरथरत नाही. सागवानावर थरथरला असता
तर कधीच घरी बसवलं असतं मला.

दहाव्या दिवशी पुढच्या दोन दातांत फट पडली.
घाबरलो. फोन केला.
"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "हाड सुटायलंय. भरेल ती."
बीड आकसतं. हे उलटं.
उलट्या दिशेला सूट सोडायची
माझ्या हाताला सवय नाही, होईल.

फटीतनं ती आता शीळ घालते,
शेजारच्या निंगव्वाचं कुत्रं धावत येतं.
काल शीळ मधेच तोडून म्हणाली,
"पप्पा, दाढी कधी काढताय?"

किल्ली आण म्हटलं आधी.