फट

अंबडला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, माझी शेड.
एकतीस वर्षं कॉम्प्रेसर खोलतो, भरतो, बसवतो.
पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजात अमोनिया कुठून सुटलाय
हे मी डोळ्यांच्या पाण्यावरून सांगतो.

धात्रक मॅडमनी मागची खोली घेतली ती फरशीसाठी.
खाली सलग काळा कातळ आहे, म्हणाल्या, फारसा हलत नाही.
भाड्याची घासाघीसही केली नाही.

दोन चकत्या. एक दुसरीवरच वाढवलेली, मग सोडवलेली,
म्हणून हिचा खड्डा तो तिचा उंचवटा.
मधे फट.
किती? मी फीलर गेज काढला, तशा हसल्या.
केसाचे उभे वीस हजार काप करा काका,
त्यातला एक.

त्या फटीत हवासुद्धा नाही.
इलेक्ट्रॉन भिंत चढत नाही, भोक पाडत नाही.
इकडे असतो. मग तिकडे असतो.
मधल्या वाटेचं विचारायचं नाही.
जास्त तापलेला असतो तो आधी निघतो,
आपली धग सोबत नेतो,
मागे राहिलेले गार पडतात.
(हे मला पटायला तीन चहा लागले.)

दूर सरकल्या तर कुणी ओलांडत नाही.
टेकल्या तर सगळी धग आल्या पावली परत.

जानेवारी. रात्रीचे अडीच. ट्रक विरळ झालेले.
मी सवयीनं कान लावला.
घरघर नाही, थरथर नाही, पाइपवर दव नाही.
माझ्या धंद्यात याला बंद पडलंय म्हणतात.
हात लांब ठेवा काका, तुमची ऊब लागतेय.

मीटरवर शून्य पूर्णांक एक.
दोन.
तीन.
शून्य पूर्णांक तीन अंशांनी काहीतरी गार झालं होतं
आणि काहीच हललं नव्हतं.
मॅडम श्वास घ्यायच्या विसरल्या. मीही.

मग पाथर्डी फाट्याकडून तो आला.
द्राक्षांचा कंटेनर, न्हावाशेव्याला निघालेला,
डोक्यावरचं मशीन भरात.
आवाजावरून ओळखला.
त्याचा गॅस मंगळवारी मीच भरला होता.

आकडा शून्यावर.
टेकल्या, म्हणाल्या मॅडम, आणि वहीत वेळ लिहिली:
दोन सत्तेचाळीस.

कंटेनरचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.
उत्तम चालला होता.
मला पहिल्यांदाच त्याची जरा लाज वाटली.

परत उघडते, त्या म्हणाल्या.
मी स्टूल भिंतीशी ओढलं नाही,
उचलून ठेवलं.