मूठ

कुमुदचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
आणि स्वयंपाकघराचा प्रभार माझ्याकडे, सहा आठवडे.
ती स्टुलावर बसून सांगते, मूठभर कोथिंबीर घाला.
मी विचारतो, कुणाची मूठ?

एकतीस वर्षं मी वजनमापांचा निरीक्षक होतो.
सिन्नर, येवला, निफाड, शेवटी नाशिक.
पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखाने शोधलंय,
वजनाच्या पोटातून उकरलेलं शिसं पाहिलंय.
पण बुधवारी गंगेवर, पुलाच्या सावलीत,
जुड्यांची भिंत रचून बसणाऱ्या लंकाबाई तिडकेंना
कधी काही म्हणता आलं नाही.
जुडीवर ठसा मारता येत नाही.
"जुडी म्हंजे जुडी, खैरनार साहेब,"
असं म्हणून त्या वरून पाणी शिंपडायच्या,
माझ्या देखत.

मुलाने पाठवलेला काटा परवा ओट्यावर मांडला.
लंकाबाईंची जुडी: दोनशे ऐंशी ग्रॅम.
मुळं, माती, पिवळी पानं आणि एक गोगलगाय वजा जाता
एकशे सत्तर.
जाड देठं बाजूला करत होतो, तर स्टुलावरून,
"देठं टाकताय? मग चव कुठून आणणार?"
देठं परत घेतली.
धुऊन निथळली: एकशे नव्वद.
वरचे वीस ग्रॅम पाणी.
ज्या गुन्ह्याला मला कधी कलम सापडलं नाही
तो माझ्याच घरात, माझ्याच हातून.

बारीक चिरून वाटी भरली. सैल, नऊ ग्रॅम.
दाबून, एकोणीस.
"किती दाबायची?"
"दाबायची नाही हो. बसू द्यायची."
बसू देणे. कायद्यात याची व्याख्या नाही.
मी वाटी ओट्यावर दोनदा आपटली, वाट पाहिली,
ती हसत होती, प्लास्टर पोटाशी धरून.

शेपूची वाटी पाच ग्रॅम, बाकी सगळी हवा.
पुदिन्याची अर्धी जुडी देठातच संपली.
आणि मेथी! नऊ वाट्या कढईत घातल्या,
लसूण सोलून वळलो तर दीड.
एवढी घट एखाद्या दुकानात दिसली असती
तर त्याच संध्याकाळी पंचनामा केला असता.

मग मुठी मोजल्या.
माझी: सव्वीस.
तिची डावी: चौदा. "पण ती धरू नका,
डाव्या हाताला सवय नाही, भीत भीत घेतो."
उजवी मूठ तर बंद, आत, पांढऱ्या भिंतीमागे.
अकरा दिवस वड्या केल्या, आमट्या केल्या,
कमी, जास्त, जरा कमी,
तिच्या जिभेवर टेकून त्या मुठीपर्यंत पोचलो.
कपाटाच्या दाराला आतून कागद लावला:

मूठ (कुमुद, उजवी) = १७ ग्रॅम
= एक वाटी, बसू दिलेली
= माझी मूठ, अंगठा न मिटता

खाली तारीख. सही. जुनी सवय.

शरणपूर रोडच्या दवाखान्यात प्लास्टर कापलं.
हात बारीक, फिका, कुणा दुसरीचा वाटावा असा.
घरी आल्यावर चपला काढून ती सरळ ओट्यापाशी,
चाळणीत हात घातला.
बोटं मिटली, पुरती नाही.
फटींतून देठं घरंगळली, परत चाळणीत.
उरलेलं तिने काट्यावर ठेवलं, माझ्याकडे बघून.
आठ.

"किती?" चष्मा तिच्या पर्समध्ये होता.
मी, ज्याने एकही खोटी नोंद केली नाही,
म्हणालो, सतरा.

आमटी उकळत होती. तिने ते आठ टाकले,
डावाने एकदा फिरवलं, रंग पाहिला.
"थापा मारू नका," ती म्हणाली, "अजून घाला."
घातली.
अंगठा कुठे होता, आठवत नाही.